अप्पांची दाढ

नांदेडला दंतवैद्यांच्या परिषदेत, भरल्या सभागृहात गुरुपादप्पांनी भाजलेला हरभरा दाढेखाली धरला आणि माईकसमोर कडकन फोडला. सगळे हसले.

“दोन वर्षांखाली हीच दाढ हलत होती,” ते म्हणाले.

लातूरच्या गोलाईच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांच्या हिरड्यांत जंतूंनी ठाण मांडलं होतं आणि त्या सुजेनं जबड्याचं हाड झिजत चाललं होतं. त्यांची मुलगी, डॉक्टर अंजू, याच दुखण्यावर संशोधन करत होती. डाळिंबाच्या सालीतल्या द्रव्याचं तिनं मलम केलं होतं. अर्ध्या रोग्यांना ते, अर्ध्यांना दिसायला तसंच, पण साधं. कुणाला कोणतं, हे रोग्यांना ठाऊक नाही, तिलाही नाही. दात मात्र तिनं सगळ्यांचेच साफ केले, तंबाखूही सगळ्यांचीच सोडवली. वडिलांना या प्रयोगात घ्यायला ती तयार नव्हती. तिला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी घेतलं.

दाढ घट्ट झाल्यापासून अप्पा गिऱ्हाइकाला कापड दाखवायच्या आधी दात दाखवायचे. भूकंपाच्या साली अंजू अकरावीत होती. भीतीनं अख्खं लातूर उघड्यावर झोपायचं, आणि ही पहाटे उठून क्लासला निघायची. मेडिकल थोडक्यात हुकलं, दातांचं कॉलेज मिळालं, तेव्हा भावकी ‘दातवाली’ म्हणून हसली होती. त्याच भावकीला अप्पांनी आज जीपमध्ये घालून आणलं होतं.

निकाल, आणि कुणाला कोणतं मलम याची यादी, आज सकाळीच उघडली. औषधाच्या गटात हाडाची झीज थांबली होती. मग सर अंजूला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत राहिले. ती नकारार्थी मान हलवत होती. तिथून ती थेट वडिलांकडे आली.

“अप्पा, तुम्ही बोलू नका.”

पोरगी लाजून राहिली, असं वाटून अप्पा हसतच मंचावर चढले होते.

“माझ्या दाढा माझ्या पोरीच्या औषधानं वाचल्या,” त्यांनी आता सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. भावकीनंही वाजवल्या. सर खुर्चीत निवांत रेलले.

अंजू पुढं आली. तिनं वडिलांच्या हातातून माईक घेतला.

“औषध काम करतंय, ते मी दाखवीनच. पण माझ्या वडिलांचा दाखला ग्राह्य धरू नका. त्यांना साधं मलम मिळालं होतं.”

कुणीतरी खाली बघितलं, कुणीतरी खाकरलं. गुरुपादप्पांनी माईक परत मागून घेतला आणि ते भावकीकडं वळले.

“नीट बघून घ्या. ही माझी पोरगी हाय.”