परत आलेला होकार

"मुलाखतीला यायचं नव्हतं, तर तसं कळवायचं तरी," वृषाली कर्णिकांनी फोनवर सुनावलं.

"मॅडम, कॅलेंडरच्या आमंत्रणाला मी लगेच होकार दिला होता," पलीकडची मुलगी चाचरत म्हणाली. "पण तुमच्याकडून ‘रिजेक्टेड’ असा मेल आला. वाटलं, मलाच नाकारलंत."

फोनवर हात ठेवून वृषालीताईंनी शेजारच्या आयटीवाल्याला विचारलं.

"खोटे मेल रोखायला नियम कडक केलाय ना. पत्त्याची खात्री पटली नाही की आलेलं उत्तर ‘रिजेक्टेड’ म्हणून आपोआप परत जातं. नियमाला मंजुरी तुम्हीच दिली होतीत."

"चूक आमची होती," वृषालीताई फोनवर मुलीला कशाबशा म्हणाल्या. "उगाच बोलले तुम्हाला. पण जागा सकाळीच भरली."

"म्हणजे मला नाकारलं नव्हतंत?" मुलीचा आवाज एकदम हलका झाला. "थँक्यू, मॅडम."