माठाजवळचे फोन

चंद्रपूरच्या पत्र्यांच्या वस्तीत शालूच्या तान्ह्या मुलीने सकाळपासून डोळे उघडले नव्हते. शालूने उष्माघाताच्या गाडीसाठी फोन लावला.

"ताई, तुमच्या वस्तीत तापमान छत्तीसच आहे," पलीकडची मुलगी म्हणाली. "चव्वेचाळीस झाल्याशिवाय गाडी निघत नाही."

"छत्तीस? इथं पत्र्यावर पापड भाजते, या पाहाले!"

शेजारच्या मेश्राम गुरुजींच्या लक्षात आले. "शालू, हवेचा आकडा ते आपल्या फोनच्या बॅटऱ्या किती तापल्या त्यावरून काढतात. आणि उन्हानं बिघडू नये म्हणून आपण फोन कुठं ठेवतो?"

"माठाजवळ," शालू पुटपुटली.

वस्तीतले अकराच्या अकरा फोन उन्हात मांडले. गुरुजी त्यातल्याच एका फोनवर वस्तीचा आकडा वाचू लागले. एकोणचाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस.

"अजून एकच, बाप्पा!" शालू म्हणाली.

तेवढ्यात एक फोन तापून बंद पडला. मग दुसरा, मग उरलेले सगळे. गाडी पाठवणाऱ्या कार्यालयातल्या नकाशावरून वस्तीचा ठिपका पुसला गेला. जिथे एकही फोन चालू नाही तिथे माणसे राहत नाहीत, असे त्या नकाशाला शिकवलेले होते.

शालूने मुलीला ओल्या पदरात गुंडाळले आणि सहा किलोमीटरवरच्या दवाखान्याकडे ती चालत निघाली. गुरुजी छत्री उघडून तिच्यामागे धावले.