गंगाजलाचा घोट

घरोघरी जाणारी नर्स संघमित्रा रिसाली गावात देवरावकाकांच्या पाठीची जखम धूत होती. तेवढ्यात काकांना अंथरुणातच जुलाब झाला आणि त्यांना सावरताना तिचे ग्लव्ज फाटले. "ताई, ग्लव्ज आहेत काय घरात?" तिनं विचारलं. नाकाला पदर लावून दारातच उभी असलेली काकांची सून शैला तोंड वाकडं करत म्हणाली, "आमच्याकडे कुठचे?"

संघमित्रानं नुसत्या हातांनी सगळं साफ केलं, हात साबणानं धुतले.

"पोरी, तुह्या हातानं गंगाजल पाज मले," काका पुटपुटले. "आता माह्यं काही खरं नाही."

तिचा गंगाजलावर विश्वास नव्हता. काकांचा होता, तेवढं तिला पुरे होतं. ती देवघरातल्या गडूकडे वळली, तशी शैलानं झटकन कपाटातून ग्लव्जचा नवाकोरा डबा काढला.



"हे घाला आधी. देवाचं पाणी आहे न, तुमचा हात नको लागाले."