मडगार्डाचं अस्तर

राज्य नवं, पंचायत समितीचं सभापतिपद नवं; मोटार मात्र किसनरावांनी लष्करी लिलावातले सुटे भाग जोडून अमडापुरात उभी केली. तालुक्याच्या रस्त्यावरची खडी मडगार्डांना आतून ताडताड लागे, रंगाचे टवके उडत. तेव्हा कुठे त्यांनी रस्तादुरुस्तीचा ठराव मांडला.

त्याच रस्त्यावरच्या वस्तीतल्या तानुबाईंनी किसनरावांना हात जोडले, "लवकर करा, भाऊसाहेब. सुनेचे दिवस भरत आले. तिले बैलगाडीतूनच दवाखान्यात न्या लागते."

तोवर मिस्त्रीने मडगार्डांना आतून जाड रबराचं अस्तर बसवून दिलं. किसनराव त्याच मोटारीने सभेला गेले आणि त्यांनी ठराव मागे घेतला.

"आत्ताच त्या रस्त्यानं आलो. एक खडा वाजला नाही. रस्ता सुधरला, आता दुरुस्ती काऊन?"