जसं आहे तसं

परवाना असलेला कंत्राटदार जिन्याला कठडा न लावताच गायब झाला, त्याला दीड वर्ष झालं. घर अण्णांच्या नावावर, म्हणून परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे केलेला भरपाईचा अर्जही त्यांचाच. तिथले साहेब पाहणीला सोमवारी येणार होते, ते थेट शुक्रवारी उगवले.

त्यांनी बाराही पायऱ्यांना टेप लावली, फोटो काढले आणि भिंतीतल्या दोन खिळ्यांवर बोट ठेवलं. "हे काय?"

"कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती," अण्णांचा मुलगा म्हणाला. "अण्णांची नजर अधू. दोरी धरून उतरायचे."

"मग काढली कशाला?"

मुलानं खिशातून पत्र काढलं. "तुमच्याकडूनच आलंय. पाहणी होईपर्यंत काम जसं आहे तसं ठेवा, फेरफार दिसला तर अर्ज बाद. एवढे हेलपाटे घातले, ते एका दोरीपायी फुकट जायला नकोत म्हणून रविवारी सोडली. अण्णांना म्हटलं, उद्याचाच दिवस तर काढायचाय."

साहेबांना हसू आलं. "अहो, इतकं कोण मनावर घेतं? दोरीला कोणीच हरकत घेतली नसती. आजच परत बांधा. म्हातारं माणूस, पाय घसरला म्हणजे?"

मुलानं पत्राची घडी पुन्हा नीट घातली.

"मंगळवारी घसरला," तो म्हणाला. "अर्जावरचं नाव बदलायला कुठला फॉर्म भरावा लागतो?"