भुशाखालचं बिस्किट

उंदीर पुन्हा कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"हाही नाही," म्हणत सविताने घड्याळ थांबवलं.

शिरपूरच्या त्या प्रयोगशाळेतली चाचणी साधी होती. उंदरांना त्यांच्यातल्याच एका कोरोना विषाणूची लागण केलेली. निम्म्यांना सुरुवातीलाच विषाणूविरोधी औषध दिलेलं. आजार सरल्यावरही वास जातो, थकवा उरतो. औषधाने ते टळतं का, एवढंच पाहायचं होतं. उपाशी उंदीर सोडायचा, भुशाखाली बिस्किट पुरायचं. वास येत असेल तर तो उकरून काढणार.

गेल्या महिन्यात निरोगी उंदरांनी ते लगेच काढलं होतं. मग बिस्किटांच्या डब्याला मुंग्या लागल्या, म्हणून सविताने तो ॲप्रनच्या कपाटात हलवला.

आता औषध न दिलेले उंदीर वाट्टेल तिथे उकरत, सापडलं तर खात. औषध दिलेले मात्र तिकडे फिरकतही नव्हते.

दुपारी मेसमध्ये स्वप्नील समोर बसला. प्रयोगांचे आकडे मांडून प्रयोगशाळेच्या प्रमुखांना तोच कळवायचा.

"चेलना मॅडमना काय कळवू?"

"औषधाने उलट बिघडतंय. बंद करा म्हणावं."

"ताई, मग बठ्ठं वाया?"

"बठ्ठं, सगळंच." तिने शेवभाजीत भाकरी बुडवली. "बाबांना अजून जिना चढवत नाही. वाटलं होतं, निदान पुढच्यांना तरी..." तिने एक घास खाल्ला. "हा गिरधरभाऊ मसाला वाचवतो. नुसतं तिखट, चव कशाला नाही."

"तुझी जीभ मुक्ताईनगरची. आम्ही धुळ्याचे इथं मसाल्याने रडतोय." त्याने डोळे पुसले. "कोरोनात घरात आधी तूच आजारी पडली होतीस ना?"

"पडले, उठले. मला काय झालंय?"

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे, सविता. उद्यापासून दुसरं औषध घेऊ."

तिने पिंजरे झाकले, कपाट उघडलं आणि डबा स्वप्नीलच्या हातात दिला.

"घे, चहाबरोबर खा. उंदरांनी नाकारलेली आहेत."

स्वप्नीलने झाकण काढलं आणि तोंड फिरवलं.

"डांबरगोळ्यांत ठेवला होतास का? नाक फाटलं माझं. वास येणारा कुठला उंदीर हे खाणार?"

सविताने डबा घेतला, नाकाशी नेला आणि श्वास ओढला. मग आणखी जवळ धरून पुन्हा ओढला.