बारीक जेट

"पाना खाली ठेव."

सासूचा आवाज चढलेला नव्हता. तिला तो कधी चढवावाच लागत नसे.

सुनेचा हात बॉनेटखाली थांबला. लाल नळीचे आटे अर्धे सुटले होते. शेडबाहेर लाउडस्पीकरवरून अंतिम फेरीच्या दोन्ही गाड्यांना बोलावणे चालू होते. समोरच्या शेडमध्ये प्रतिस्पर्ध्याचे इंजिन गुरगुरत होते. ती गाडी सुनेच्या वडिलांनी बांधली होती. दोन गॅरेजांची सोयरीक झाली होती. स्पर्धा काही मोडली नव्हती.

"नवऱ्याच्या पाठीमागे कसली दुरुस्ती चाललीय?"

"पाठीमागे नाही, आई. त्यांना हाक मारणारच होते."

"चोरही म्हणतो, मी कडी लावायलाच आलो होतो."

सासूचा मुलगा हेल्मेट काखेत धरून दारात उभा होता. त्याच्या खिशात एक स्पार्क प्लग होता आणि त्या प्लगने त्याचे मन दुपारपासून पोखरले होते.

त्याच्या इंजिनात जोर वाढवणारा नायट्रस वायू निळ्या नळीने येई आणि त्या वायूला पुरेल इतके पेट्रोल लाल नळीने. दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी पितळेची एकेक जेट, आणि जेटच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढे छिद्र. त्या दोन छिद्रांचा मेळ बसवणे हेच सुनेचे काम. वायूला पेट्रोल कमी पडले, तर आग मंदावत नाही. भडकते, आणि पिस्टन मेणासारखा वितळतो. उपांत्य फेरी त्याने जिंकली खरी. पण नंतर काढलेल्या प्लगचे टोक पांढरेफटक पडले होते आणि त्यावर चांदीसारखे बारीक ठिपके होते. पिस्टन वितळू लागल्याची ती खूण. कोणीतरी पेट्रोल कमी केले होते. जेट बसवणारी तर घरात एकच होती.

"काढ ती जेट," सासू म्हणाली. "ठेव त्याच्या हातावर."

सुनेने ठेवली. त्याने ती उजेडाकडे धरून आकडा वाचला. ठरलेल्या जेटपेक्षा ही बरीच बारीक होती.

"ही मी बसवली नव्हती," सून म्हणाली.

"सकाळी तू तुझ्या बाबांच्या शेडमध्ये कशाला गेली होतीस?" त्याने विचारले. आपला स्वर त्यालाच परका वाटला.

"पाना मागायला. आपला जागेवर नव्हता."

"पाना हरवतो, जेट बदलते," सासू म्हणाली. "तू उंबरा ओलांडल्यापासून या घरातल्या वस्तूंना पाय फुटलेत."

सुनेने नवऱ्याकडे पाहिले. तो हेल्मेटचा पट्टा उगाच चाचपत राहिला. तिने त्याचा नाद सोडला आणि सासूपुढे हात केला.

"पेटीची किल्ली द्या, आई. मोठी जेट बसवायची आहे."

जेटांची पेटी सकाळीच कुलपात गेली होती. सोयऱ्याधायऱ्यांची वर्दळ आहे, असे म्हणून सासूने किल्ली स्वतःच्या कमरेला लावली होती.

"आणखी पेट्रोल?" सासूची नजर मुलाच्या मनगटावर गेली. मागच्या हंगामातला भाजल्याचा डाग तिथे अजून गुलाबी होता. शर्यत सुटली की ती पाठ फिरवून उभी राहत असे. लोक त्याला गर्व म्हणत. "जाळायचंय का त्याला? अगं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी कार्ब्युरेटर उघडतेय. जेट बारीक, गाडी गरीब. एवढं कळतं मला."

सून उत्तर द्यायला वळली आणि थबकली. ती सासूकडे पाहत राहिली. सुनेच्या चेहऱ्यावरचा राग पाण्यासारखा ओसरला.

"नुसत्या पेट्रोलवरच्या गाडीचं ते खरं, आई," ती हळू म्हणाली. "ही वायूही पिते. हिची लाल जेट बारीक केली, तर ही गरीब होत नाही, पिसाळते. अशीच सुटली, तर अर्ध्या वाटेत इंजिन ह्यांच्यापुढे फुटेल." मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "अहो, खिशातला प्लग दाखवा ना आईंना. दुपारपासून लपवून फिरताय."

त्याचे कान तापले. त्याने प्लग आईच्या तळहातावर ठेवला.

प्लग तिला वाचता येत होता. साऱ्या हयातीत तिने तेच वाचले होते. तिने चष्मा सावरला, ते पांढरे टोक एकदा फिरवून पाहिले आणि जवळच्या खुर्चीची पाठ धरली. दुसरा हात कमरेशी गेला. बोटांना किल्ली सापडेना.

लाउडस्पीकरने दुसऱ्यांदा पुकारा केला.

"अहो, जरा चाकांची हवा बघून येता?" सून म्हणाली.

"मघाशीच बघितली."

"मग पुन्हा बघा."

तो निघाला, पण संशयाने त्याचे पाय पत्र्याआड धरून ठेवले. आपल्याला बाहेर काढून ही आईला काय पटवणार आहे, ते त्याला ऐकायचे होते. आत किल्ल्या खुळखुळल्या. पेटीचे झाकण उघडले. लाल नळीचे आटे घट्ट बसल्याचा आवाज आला. मग बायकोचा आवाज, त्याने कधी ऐकला नव्हता इतका मऊ:

"ह्यांना मी काही सांगणार नाही, आई. पण पुन्हा कधी जिवाला असा घोर लागला, तर बारीक जेट निळ्या नळीत बसवा. लाल नळीत नाही."